अपरिचित दृश्य आणि यंत्राची नजर : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

छायाचित्रातील वस्तू शोधून तिच्याभोवती चौकट आखणारी आणि त्या चौकटीला नाव देणारी संगणक-प्रणाली हा आता केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. शहर बसच्या काचेमागे बसून चालकाला इशारा देणारा कॅमेरा, द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा मोडणाऱ्या वाहनाचा क्रमांक टिपणारा कॅमेरा, कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर हेल्मेट आहे की नाही हे पाहणारा कॅमेरा, या सर्वांमागे हीच प्रणाली काम करते. महाविद्यालयांतील संगणकशास्त्राचे विद्यार्थी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय आवडीने निवडतात आणि अध्यापकांना त्या प्रकल्पांचे मूल्यमापन करावे लागते.

या प्रणालीची एक उणीव सर्वमान्य आहे. ज्या प्रकारची चित्रे दाखवून तिला शिकवले, त्याच प्रकारच्या चित्रांवर ती उत्तम चालते. दृश्य बदलले, म्हणजे पाऊस आला, धुके पडले, रात्र झाली किंवा देशच बदलला, की तिची अचूकता घसरते. ही घसरण रोखावी कशी, यावर गेल्या दहा वर्षांत विपुल संशोधन झाले आहे. त्यातील काही महत्त्वाच्या कामांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

लेखक भाषेचा अध्यापक आहे. त्यामुळे या कामांतील गणित तपासण्याचा दावा येथे नाही. परंतु वस्तूंना नावे देणे, नावांचे वर्ग पाडणे आणि परीक्षा घेणे ही तिन्ही कामे भाषेच्या अध्यापकाची रोजचीच आहेत, आणि या संशोधनाचा कमकुवत भाग नेमका तेथेच आहे असे दिसून येते. ‘अपरिचित’ हा शब्द या क्षेत्रात फार स्वस्तात वापरला गेला आहे. बहुतेक वेळा अपरिचित परिस्थिती म्हणजे परिचित चित्रावर चढवलेला धुरकट पडदा असतो. खरा अनोळखीपणा नावांच्या यादीत आणि परीक्षेच्या पद्धतीत दडलेला असतो, आणि त्याची किंमत रस्त्यावरचा माणूस मोजतो.

ऐंशी नावांचे जग

प्रथम यंत्र शिकते कसे, हे थोडक्यात पाहू. माणसे हजारो छायाचित्रांवर हाताने चौकटी आखतात आणि प्रत्येक चौकटीला ठरलेल्या यादीतील एक नाव देतात. यंत्र ही उदाहरणे पाहून स्वतः चौकटी आखू लागते. मग परीक्षा होते. यंत्राची चौकट आणि माणसाची चौकट यांचा सामाईक भाग, दोन्ही चौकटींनी मिळून व्यापलेल्या भागाच्या निदान निम्मा असेल आणि नावही बरोबर असेल, तर उत्तर सामान्यतः बरोबर धरतात. अशा उत्तरांवरून प्रत्येक वर्गाचे गुण निघतात आणि सर्व वर्गांची सरासरी म्हणजे यंत्राचा निकाल.

येथे यादी कोणाची, हा प्रश्न कळीचा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेला ‘कोको’ हा चित्रसंग्रह या क्षेत्रातील जणू क्रमिक पुस्तक आहे. विद्यार्थी जी तयार प्रणाली उतरवून घेतात ती बहुधा याच संग्रहावर शिकलेली असते. तिच्या यादीत ८० नावे आहेत. त्यांत बर्फावरून घसरण्याची स्की आहे, बेसबॉलचा हातमोजा आहे, फ्रिस्बी आहे, डोनट आणि हॉट डॉग आहेत. ऑटोरिक्षा नाही, बैलगाडी नाही, हातगाडी नाही. आता आपल्या चौकातील रिक्षा या प्रणालीपुढे आली तर ती काय करील? एक तर तिला मोटार, ट्रक किंवा मोटारसायकल म्हणेल, नाही तर काहीच म्हणणार नाही. यात पावसाचा, धुक्याचा, अंधाराचा काहीही संबंध नाही. लख्ख उन्हात, उत्तम कॅमेऱ्यातही ती रिक्षा अपरिचितच राहील, कारण तिला नावच दिलेले नाही.

धुके कसे तयार होते

रस्त्यावरील दृश्यांसाठी सर्वाधिक वापरला गेलेला संग्रह म्हणजे २०१६ चा ‘सिटीस्केप्स’. ५० शहरांतील ५,००० छायाचित्रे यात बारकाईने रेखाटली आहेत. शहरे मुख्यतः जर्मनीची, शेजारच्या देशांची एखाददुसरी. चित्रीकरण दिवसा आणि चांगल्या हवामानात केलेले, आणि वाईट हवामान जाणूनबुजून वगळलेले. संग्रह करणाऱ्यांनी हे प्रामाणिकपणे नमूद केले आहे, त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही.

पुढे झुरिकच्या संशोधकांनी २०१८ साली याच छायाचित्रांवर गणिताने धुके चढवले. कॅमेऱ्यापासून वस्तू किती दूर आहे, त्यावरून तिचा रंग किती फिका करायचा हे ठरवून दीडशे, तीनशे आणि सहाशे मीटर दृश्यमानतेचे धुके निर्माण केले. ही युक्ती हुशारीची आहे, कारण चित्र जुनेच असल्यामुळे हाताने आखलेल्या चौकटी पुन्हा वापरता येतात. त्याच वर्षी त्याच शहरातून आलेल्या दुसऱ्या एका प्रसिद्ध कामात, स्वच्छ चित्रांवर शिकलेल्या प्रणालीला या धुक्याच्या चित्रांशी जुळवून घेण्याची पद्धत मांडली गेली आणि सरासरी गुण १८.८ वरून २७.६ वर गेले. ही वाढ लहान नाही. नंतरची अनेक वर्षे असंख्य शोधनिबंध याच परीक्षेत एकेक दोन-दोन गुण वाढवत राहिले.

आक्षेप असा की, हे धुके पडले तेव्हा त्या रस्त्यावरच्या कोणालाही ते दिसलेले नाही. चित्रातील माणसे उन्हात चालावे तशीच चालत आहेत. कोणी दिवा लावलेला नाही, कोणी अंग चोरलेले नाही. आपल्याकडचा पाऊस आठवून पाहावा. सिल्वासाहून खानवेल, दुधनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुलै महिन्यात पाऊस म्हणजे चित्रावर मारलेल्या तिरक्या रेघा नसतात. दुचाकीवरची तीन माणसे एकाच प्लास्टिकच्या कागदाखाली शिरतात आणि मोटारसायकल व स्वार मिळून एकच निळा ढीग दिसतो. शेतावर जाणारा माणूस डोक्यापासून कमरेपर्यंत इरल्याखाली असतो. छत्रीमुळे डोके आणि खांदे झाकले जातात, म्हणजे माणूस ओळखण्याची जी मुख्य खूण तीच जाते. ओल्या डांबरावर दिव्यांची प्रतिबिंबे पडतात आणि एका ट्रकचे दोन ट्रक दिसतात. खड्डा पाण्याने भरला की तो खड्डा राहत नाही, चकचकीत सपाट जागा होते. थोडक्यात, पाऊस वस्तू अंधुक तर करतोच, पण तिचा आकार आणि माणसांचे वागणेही बदलतो. गणिती धुक्यात हा बदल नाही.

या दृष्टीने ट्युबिंगेनच्या संशोधकांचे २०१९ चे काम अधिक उपयुक्त वाटते. त्यांनी नव्या पद्धतीचा गाजावाजा करण्याआधी मोजमाप केले. अस्पष्टता, बर्फ, धुके, कॅमेऱ्यातील कण अशा १५ प्रकारच्या बिघाडांनी चित्रे खराब करून तपासले असता प्रचलित प्रणालींची कामगिरी मूळ कामगिरीच्या ३० ते ६० टक्क्यांपर्यंत खाली आली. याच गटाने त्याआधी दाखवून दिले होते की ही यंत्रे आकारापेक्षा पोतावर अधिक विसंबतात. मांजराच्या आकारावर हत्तीच्या कातडीचा पोत चढवला तर त्यांना हत्ती दिसतो. मग उपाय काय? शिकवण्याच्या चित्रांवर निरनिराळ्या चित्रकारांच्या शैलीचे पोत चढवून पोताचा भरवसाच मोडून टाकणे. एवढ्या साध्या उपायाने बिघडलेल्या चित्रांवरील कामगिरी बरीच सुधारली. अर्थात येथेही बिघाड संगणकानेच केलेले आहेत. पण यंत्र कशाला पाहून ओळखते, हा योग्य प्रश्न निदान विचारला गेला.

परीक्षक कोण?

अंतर्गत गुण आणि बहिःस्थ परीक्षकाचे गुण यांतील फरक अध्यापकांना समजावून सांगण्याची गरज नाही. २०१८ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी हाच फरक यंत्राच्या बाबतीत दाखवला. जंगलात बसवलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांची १४० ठिकाणांवरील २,४३,१८७ छायाचित्रे त्यांनी गोळा केली. कॅमेरा झाडाला बांधलेला, त्यामुळे पार्श्वभूमी कायम तीच. परीक्षा दोन प्रकारे घेतली. एकदा परिचित ठिकाणांची नवी छायाचित्रे दिली, एकदा पूर्णपणे नव्या ठिकाणांची. प्राण्याचे नाव सांगण्यातील चुका नव्या ठिकाणी सुमारे दुप्पट झाल्या. प्राणी चित्रात कोठे आहे हे शोधण्यात घसरण तुलनेने कमी होती, हेही सांगितले पाहिजे. गाय हिरव्या कुरणात असली तर यंत्राला ओळखू येते आणि समुद्रकिनाऱ्यावर उभी असली तर येत नाही, हे त्यांचे उदाहरण आता या क्षेत्रात म्हणीसारखे झाले आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर गाय पाहिलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही. नवल वाटेल ते यंत्राचे.

‘योलो’ या आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रणालीच्या २०१६ मधील मूळ निबंधातही अशी एक परीक्षा आहे आणि तिच्याकडे फार कमी वाचकांचे लक्ष जाते. छायाचित्रांवर शिकलेल्या प्रणालींना पिकासोच्या चित्रांतील माणसे शोधायला सांगितली. ‘योलो’चे छायाचित्रांवरचे गुण ५९.२ होते, ते पिकासोवर ५३.३ झाले. तिच्या आधीच्या एका नामांकित प्रणालीचे गुण ५४.२ वरून थेट १०.४ वर आले. छायाचित्रांवर दोघींचे गुण जवळजवळ सारखे, चित्रकलेवर जमीन-अस्मानाचा फरक! निबंधाने दिलेले कारण असे की, जुनी प्रणाली वस्तूची संभाव्य जागा सुचवण्यासाठी छायाचित्रांना साजेशी अशी पद्धत वापरत होती आणि एकेका तुकड्यापुरतेच पाहत होती, तर ‘योलो’ वस्तूंचे आकार, त्यांचे आकारमान आणि परस्परांतील मांडणी शिकत होती. बहिःस्थ परीक्षक नसता तर हा फरक कळलाच नसता. एका वाक्यात सांगायचे तर दोघींचे पाठांतर सारखे होते, आकलन वेगळे होते.

‘इतर’ नावाचा रकाना

भारतीय रस्त्यांवर या विषयाचे सर्वांत महत्त्वाचे काम हैदराबादच्या आयआयआयटीने इंटेलच्या सहकार्याने केले. ‘इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट’ या नावाने ते २०१८-१९ मध्ये प्रसिद्ध झाले. हैदराबाद, बंगळूर आणि त्यांच्या आसपासच्या रस्त्यांवरील १८२ फेऱ्यांतून निवडलेली सुमारे १०,००० छायाचित्रे आणि ३४ वर्ग, असे त्याचे स्वरूप आहे. या कामाचे श्रेय अनेक जण संख्येला देतात. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे खरे श्रेय नावांच्या यादीला आहे.

या यादीत ऑटोरिक्षाला स्वतंत्र स्थान मिळाले. जनावरांना मिळाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रस्त्याच्या कडेच्या ज्या पट्टीवर गाडी चालवता येते पण जी धड रस्ता नाही, तिच्यासाठी वेगळा वर्ग केला. जर्मन यादीला अशा वर्गाची गरज नव्हती, कारण तेथे रस्ता कोठे संपतो हे दगडाच्या कडेने ठरलेले असते. आपल्याकडे डांबर संपते, मग खडी, मग माती, मग कोणाचे तरी अंगण, आणि वाहतूक चारही ठिकाणी असते. ज्या वाहनांना कोणतेच नाव लागू होत नाही, त्यांच्यासाठी ‘इतर वाहने’ अशा अर्थाचा एक रकानाही ठेवला. आपल्याला काही गोष्टींची नावे ठाऊक नाहीत हे यादीतच मान्य करणे, ही माझ्या मते या संग्रहाची सर्वांत सुज्ञ कृती आहे. शब्दकोश करणाऱ्यांनाही हे धैर्य क्वचितच होते.

तरीही दोन आक्षेप राहतात. पहिला नावाविषयी. दोन शहरे आणि त्यांचा परिसर म्हणजे ‘इंडिया’ नव्हे. कोकणातला, दमणगंगेच्या खोऱ्यातला पाऊस त्यात नाही, डोंगराळ रस्ते नाहीत. जर्मन संग्रहाने जे युरोपच्या नावाने केले नाही, ते येथे देशाच्या नावाने झाले. मात्र हीच उणीव ओळखून पुढे २०२४ साली याच परंपरेतील दुसरा संग्रह आला. त्यात पाऊस, धुके, अपुरा प्रकाश आणि बर्फ अशा परिस्थितीतील ५,००० दृश्ये आहेत आणि प्रत्येक दृश्याचे साध्या कॅमेऱ्याबरोबर अवरक्त किरणांच्या जवळच्या प्रकाशातले चित्रही आहे. हा पाऊस खरा पडलेला पाऊस आहे, ही मोठी गोष्ट होय.

या दुसऱ्या संग्रहाने गुण देण्याची पद्धतही सुधारली. बसला ट्रक म्हणणे आणि माणसाला रस्ता म्हणणे या दोन्ही चुका जुन्या पद्धतीत सारख्याच धरल्या जात. नव्या मापात दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे जीवघेण्या चुकीला जबर दंड आहे. उत्तरपत्रिकेत शुद्धलेखनाची चूक आणि आशयाची चूक यांना सारखेच गुण कापणारा परीक्षक आपण कोणी चालवून घेणार नाही. या क्षेत्राने तो बरीच वर्षे चालवून घेतला.

दुसरा आक्षेप ‘इतर’ या रकान्याविषयीच आहे. रकाना ठेवणे सुज्ञपणाचे, पण त्यात जे पडेल त्याचे पुढे काय करायचे? १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील टेंपी शहरात चाचणीवर असलेल्या स्वयंचलित मोटारीने रात्री सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत जे उघड झाले ते वाचण्यासारखे आहे. यंत्राला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. पण तिला काय म्हणावे हे ठरेना. कधी ‘वाहन’, कधी ‘इतर’, कधी ‘सायकल’. प्रत्येक वेळी नाव बदलले की तिच्या मार्गाचा अंदाज नव्याने सुरू होई. कारण पादचारी हा आखलेल्या पट्ट्यांवरूनच ओलांडणार, असे त्या प्रणालीचे जग होते. पट्टा नसताना ओलांडणारा पादचारी तिच्या व्याकरणात बसत नव्हता. दृष्टी शाबूत होती, नाव नव्हते. आपल्या रस्त्यांवर तर बहुतेक सारे पादचारी याच ‘व्याकरणाबाहेरच्या’ वर्गात मोडतात.

सरासरी गुण कोणाला झाकतात, हेही याच ठिकाणी पाहिले पाहिजे. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की, पादचारी ओळखणाऱ्या प्रचलित प्रणाली गोऱ्या कातडीच्या माणसांना सावळ्या-काळ्या कातडीच्या माणसांपेक्षा अधिक अचूक ओळखतात आणि दिवस-रात्रीच्या फरकाने या तफावतीचा पुरता उलगडा होत नाही. अमेरिकेतील रस्त्यांवरचा हा निष्कर्ष आहे. आपल्यासाठी त्याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

गाव लपवण्याची विद्या

जुळवून घेण्याच्या ज्या पद्धतीचा वर उल्लेख आला तिचे तत्त्व रंजक आहे. यंत्राच्या आत एक विरोधक बसवतात. चित्रातून काढलेल्या खुणा पाहून हे चित्र स्वच्छ हवेतले की धुक्यातले, या शहरातले की त्या, हे ओळखणे त्याचे काम. मुख्य यंत्राला शिकवतात की वस्तू तर ओळखायची, पण विरोधकाला गाव ओळखू द्यायचे नाही. बोलण्यावरून गाव ओळखू येऊ नये म्हणून उच्चार घासूनपुसून प्रमाण करणाऱ्या विद्यार्थ्यासारखेच हे आहे.

पण उच्चाराबरोबर शब्दही जातात, हा भाषेचा अनुभव आहे. दोन शहरांत वाहनांचे प्रमाणच वेगळे असेल, एकीकडे मोटारी अधिक आणि दुसरीकडे दुचाकी व रिक्षा अधिक, तर दोन्हीकडच्या खुणा बळेच सारख्या करताना रिक्षाच्या खुणा मोटारीच्या खुणांत मिसळण्याचा धोका असतो. ‘सिटीस्केप्स’वर धुके चढवले तेव्हा शहर तेच होते, गाड्या त्याच होत्या, म्हणून हा धोका दिसला नाही. परीक्षा सोपी होती म्हणून पद्धत चांगली ठरली, अशी शंका घ्यायला येथे जागा आहे.

उर्दू वाचकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. पानावरील मजकुराची ओळ शोधून तिच्याभोवती चौकट आखणे हेदेखील वस्तू शोधण्याचेच काम आहे. उर्दू अक्षरओळखीसाठी बरीच वर्षे वापरला गेलेला ‘यूपीटीआय’ हा संग्रह १०,०६३ ओळींचा, पण त्या साऱ्या ओळी संगणकाने नस्तालीक टंकात तयार केलेल्या. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या परिश्रमातून मोनोटाइपसाठी नूरी नस्तालीक हा टंक तयार झाला आणि पुढे ‘इनपेज’मुळे घराघरांत पोचला. त्याआधीचे उर्दू छापील साहित्य जवळजवळ सगळे कातिबांच्या हातचे, शिळाछपाईवर उतरलेले आहे. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून डावीकडे तिरका उतरतो, अक्षरे एकमेकांच्या डोक्यावर चढतात, नुक्ते शेजाऱ्याच्या हद्दीत जातात. सरळ काटकोनी चौकटीत हा शब्द मावत नाही. त्यात कातिब ओळीच्या शेवटी जागा पुरेना म्हणून अक्षरे वर रचतो. टंकावर शिकलेले यंत्र कातिबापुढे आले तर ते अडखळणारच. दिल्लीच्या आयआयटीने २०२३ साली ११,००० हून अधिक खऱ्या छापील ओळींचा संग्रह केला आणि ओळी शोधण्यासाठी ४७८ पानांचा वेगळा संग्रह दिला, तेव्हा या कामाला खऱ्या पानाचा आधार मिळाला. आपल्या संस्थांच्या ग्रंथालयांत कातिबी छपाईची जी पुस्तके वाळवीची वाट पाहत पडून आहेत, त्यांच्या दृष्टीने हा विषय केवळ रस्त्याचा नाही.

नाव कोणत्या भाषेत?

गेल्या तीन-चार वर्षांत ठरलेली यादीच नको, असा प्रवाह आला आहे. वापरणाऱ्याने हवे ते नाव शब्दांत लिहावे आणि यंत्राने ती वस्तू शोधावी. ‘आउल-व्हिट’ (२०२२), ‘ग्राउंडिंग डिनो’ (२०२३) या प्रणाली या प्रकारच्या आहेत. त्यांचे शिक्षण महाजालावरील चित्रे आणि त्यांच्याखालील वाक्ये यांच्या प्रचंड जोड्यांवर झालेले असते. या प्रवाहाचा पाया घालणाऱ्या ‘क्लिप’ने २०२१ मध्ये अशा ४० कोटी जोड्या वापरल्या. ऐंशी नावांच्या तुरुंगातून ही सुटका आहे हे मान्य केले पाहिजे.

मात्र वाक्ये मुख्यतः इंग्रजी आहेत. म्हणजे अनोळखीपणा चित्रातून निघून भाषेत गेला. मराठीत ‘छकडा’ म्हटले की हलकी बैलगाडी डोळ्यांपुढे येते. सौराष्ट्रात ‘छकडो’ म्हणजे मोटारसायकलचे तोंड असलेले तीनचाकी प्रवासी वाहन. सिल्वासाच्या बाजारात मराठी, गुजराती, हिंदी आणि वारली बोलणारी माणसे एकाच रस्त्यावर उभी असतात आणि एकाच शब्दाने दोन वाहने दाखवू शकतात. कोणते दाखवायचे, हे यंत्राला चित्रावरून कळणार नाही, ते बोलणाऱ्यावरून कळावे लागेल. या प्रश्नावर संशोधन थोडे आहे आणि भाषेच्या विभागांनी त्यात पडायला हरकत नाही.

महाराष्ट्रात या प्रणाली प्रत्यक्ष रस्त्यावर आल्या त्याची दोन उदाहरणे परस्परविरुद्ध आहेत. नागपुरात २०२१ साली ‘आयरास्ते’ हा प्रकल्प सुरू झाला. महापालिका, इंटेल, हैदराबादची आयआयआयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि महिंद्र यांचा त्यात सहभाग होता. बसमध्ये बसवलेली यंत्रणा चालकाला संभाव्य धडकेचा इशारा देते आणि असे इशारे वारंवार कोठे मिळतात यावरून अपघात होण्याआधीच धोक्याच्या जागा शोधण्याचा प्रयत्न केला गेला. तीच बस तोच रस्ता उन्हाळ्यात, पावसाळ्यात, रात्री पार करते. संग्रहालयात ठेवलेल्या चित्रांपेक्षा ही परीक्षा कितीतरी खरी आहे. निर्णयही अखेर चालकाच्या हातात राहतो.

दुसरे उदाहरण वाहनांच्या पाट्यांचे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेरे वाहनांचे क्रमांक वाचून दंड लावतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पाटीवर इंग्रजी अक्षरे आणि आंतरराष्ट्रीय अंकच हवेत. तरी आपल्याकडे देवनागरी पाट्या आणि ४१४१ लिहून ‘दादा’ वाचायला लावणारी कलाकुसर भरपूर चालली. यंत्राला या कलाकुसरीचे वळण शिकवणे शक्य होते. त्याऐवजी पाटीच एकसारखी केली गेली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना आणि महाराष्ट्रात नंतर जुन्या वाहनांनाही उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली. मुख्य हेतू चोरी आणि बनावट क्रमांक रोखण्याचा, परंतु कॅमेऱ्याचे काम सोपे झाले हेही खरे. पाटीच्या बाबतीत याला आक्षेप नाही. पाटी हा सरकारी दस्तऐवज आहे. पण इरले घेतलेल्या माणसाला किंवा कातिबाच्या ओळीला अशी सक्ती करता येत नाही. तेथे शिकायचे यंत्रानेच.

प्रकल्पांचे मूल्यमापन

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत एक गफलत सर्रास आढळते. एका चलचित्रातील हजार चौकटी घेऊन त्यांतील आठशे शिकवायला आणि दोनशे परीक्षेला काढतात. चलचित्रात लागोपाठच्या दोन चौकटींत काही फरकच नसतो. म्हणजे शिकवलेलाच प्रश्न परीक्षेत येतो आणि अहवालात ९५ टक्के अचूकता झळकते. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच विचारावा की परीक्षेची चित्रे कोणत्या रस्त्यावरची, कोणत्या महिन्यातली आणि कोणत्या कॅमेऱ्याने घेतलेली आहेत. मे महिन्यात सिल्वासा-नरोली रस्त्यावर शिकवलेले यंत्र जुलैत खानवेलच्या रस्त्यावर तपासले, तर गुण निम्म्यावर आले तरी तो प्रकल्प पहिल्यापेक्षा अधिक मोलाचा मानावा. गुण वर्गवार मागावेत, सरासरी नको. यादी विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उभे राहून स्वतः करावी, उतरवून घेऊ नये, आणि जे ‘इतर’मध्ये पडले त्याची छायाचित्रे अहवालाला जोडावीत. संगणक विभागाला या कामी मराठी, गुजराती आणि उर्दूच्या विद्यार्थ्यांची मदत घेता येईल.

पिकासोची परीक्षा आपल्याकडे पिकासोशिवायही घेता येते. दादरा आणि नगर हवेलीत वारली चित्रे घरांच्या भिंतींवर आहेत, सरकारी कार्यालयांच्या भिंतींवरही आहेत. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धड, वर एक वर्तुळ, काठ्यांसारखे हातपाय. पोत नाही, रंग एकच, सावली नाही. तीन वर्षांच्या मुलाला त्यात माणूस दिसतो. कोणतीही तयार प्रणाली घेऊन अशी पन्नास चित्रे तिच्यापुढे ठेवावीत, किती माणसांभोवती चौकट पडते ते मोजावे, आणि मग तारपा वाजवणाऱ्याभोवती गोलाकार नाचणारी रांग तिला काय वाटते ते पाहावे.